शंभरावरची रेघ

चार्जर काढला आणि रेघ गेली. झालं एवढंच. दुकानातल्या टायवाल्याला लॅपटॉप किती हलका आहे ते दाखवायचं होतं, म्हणून त्याने मागची वायर उपसली, एका हाताच्या पंजावर तो तोलून धरला आणि म्हणाला, "बघा मॅडम, वजनच नाही!" मी त्याच्या पंजाकडे बघतच नव्हते. पडद्यावर शंभराच्या आकड्यावर मघापासून एक उंच, सरळ, टोकदार रेघ उभी होती आणि ती आता नव्हती. "खाली ठेवा," मी म्हणाले. "वायर लावा परत." त्याने लावली. रेघ उभी राहिली. "काढा." गेली. "लावा." आली. "मॅडम, काही प्रॉब्लेम आहे का?" त्याने विचारलं, आणि मी वाकून टेबलाच्या लोखंडी पायाला चिकटवलेला माझा सेन्सर बघितला, हात लावून बघितला. घट्ट होता. टेबल स्थिर होतं. आसपास काही फिरत नव्हतं, काही धडधडत नव्हतं. आणि तरीही, चार्जर लावला की माझ्या पडद्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या टेबलाचं वाइंडिंग बिघडलेलं होतं. टेबलाला वाइंडिंग नसतं.

मी यंत्रांची थरथर मोजते. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग म्हणतात, आमचा मिक्सर फार आवाज करतो हो. पण पंप, पंखे, मोटरी, जे जे म्हणून फिरतं ते ते आजारी पडायच्या आधी वेगळं थरथरायला लागतं. ती थरथर चुंबकाच्या सेन्सरने पकडायची आणि लॅपटॉपच्या पडद्यावर रेघांमध्ये मांडायची, एवढाच माझा धंदा. आकडा म्हणजे सेकंदाला किती वेळा थरथरतंय ते; कुठल्या आकड्यावर रेघ वाढली त्यावरून दुखणं कळतं. शंभराची रेघ म्हणजे मोटरच्या पोटातल्या तांब्याच्या तारेचं गुंडाळकाम, ज्याला सगळे वाइंडिंग म्हणतात, ते नीट नाही. आणि भिंतीतल्या विजेची गुणगुण चार्जरमधून माझ्या केबलीत शिरली, तर तीही बरोबर तिथेच उभी राहते. हे काय मला माहीत नव्हतं? आमच्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात: मोजताना लॅपटॉप बॅटरीवर. सव्वीस वर्षं मी हे नव्या लोकांना ओरडून ओरडून सांगत आलेय. आणि तीन आठवड्यांपूर्वी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात, चार नंबरच्या पंपापाशी, माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपने बारा मिनिटांत मान टाकली तेव्हा तिथल्या ऑपरेटरने कुठूनशी एक लाल एक्स्टेन्शन आणून दिली आणि मी, चला, आजचा दिवस, म्हणून चार्जर खुपसला. शंभरावर रेघ दिसली. मोटर महिन्यापूर्वीच वाइंडरकडून नव्याने गुंडाळून आली होती. दोन आणि दोन चार. मी अहवालात लिहिलं: वाइंडिंग सदोष, मोटर उतरवून पुन्हा करून घ्यावी. माझे अहवाल दोनच ओळींचे असतात आणि त्याचा मला माज आहे. पंपघरच्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी मोटर उतरवून वाइंडरकडे परत पाठवली आणि वर आपल्या कामाच्या यादीतून त्यांचं नाव खोडलं. मला आवर्जून फोन करून सांगितलं, "मॅडम, तुम्ही होतात म्हणून कळलं." मी म्हटलं होतं, "अहो, कामच आहे ते माझं."

"काय दिसलं?" वन्संनी विचारलं. नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे माझी नणंद. तिला वन्सं म्हणणारी आता खानदानात मी एकटीच उरले असेन. आधी चिडवायला म्हणत होते, मग तेच तोंडात बसलं. "काही नाही," मी म्हणाले. वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. "काही नाही, हे तू फार पटकन म्हणालीस हं वहिनीबाई," त्या म्हणाल्या आणि पुन्हा लॅपटॉपकडे वळल्या. हेच त्यांचं मला आवडतं आणि ह्याचीच मला भीती वाटते. त्या खोदून विचारत नाहीत. दार उघडं ठेवतात आणि आपल्या कामाला लागतात. एकतीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासलं, शेवटची दहा वर्षं लॅबच्या प्रमुख होत्या, आणि घरात साधी किसणी आणायची तरी त्या दुकानात जाऊन ती आधी वापरून बघतात. लग्न होऊन मी आले तेव्हा मला वाटलं होतं, ही बाई माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटणार. तसं काहीच झालं नाही. उलट आमच्या घरात मला कोणी धड समजून घेतलं असेल तर ते ह्या बाईने, कारण आम्हा दोघींचा धंदा एकच: आकडा काय म्हणतो ते बघायचं आणि दुसऱ्याला जाऊन सांगायचं. जुना लॅपटॉप चार दिवसांपूर्वी कायमचा गेला तेव्हा नवरा म्हणाला, ऑनलाइन मागव ना, दोन दिवसांत दारात येईल. वन्सं फोनवर म्हणाल्या, "न बघता? स्थळसुद्धा आपण न बघता करत नाही. शनिवारी येते मी."

तर टायवाला हातातला पातळ लॅपटॉप पुढे करत होता आणि वन्सं त्याची परीक्षा घेत होत्या. "सोळा तास चालतो म्हणता. काय चालवून?" "म्हणजे मॅडम, नॉर्मल यूज." "नॉर्मल कोणाचा? तुमचा की हिचा? ही पंपाशेजारी उन्हात बसून काम करते. पडदा पूर्ण उजेडावर ठेवा, हिचा प्रोग्रॅम सुरू करा, चार्जर काढून टाका, आणि आपण तासभर इथे बसू." "तासभर?" टायवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तुम्हाला घाई असेल तर तुम्ही तुमची गिऱ्हाइकं बघा हो, आम्ही कुठे जात नाही." आणि त्यांनी पर्समधून छोटी वही काढली, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि पहिला आकडा लिहिला: शंभर टक्के, अकरा वाजून पाच. चार लॅपटॉप ओळीने लावले होते, चारांवर माझा प्रोग्रॅम धावत होता, चारांपुढे वन्सं खुर्ची ओढून बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले. मला तासभर नुसतं बसायचं होतं. ह्याहून वाईट शिक्षा कोणी शोधून काढली नसती.

मी आधी काय केलं असेल तर स्वतःची बाजू मांडली. मनातल्या मनात, साहेबांसमोर. कदाचित चार्जरची गुणगुण होती आणि वाइंडिंगही खरंच खराब होतं, दोन्ही असू शकतं की. मग फोनवर तो जुना अहवाल उघडला आणि त्याला जोडलेली मोजमापं बघितली, आणि माझी उरलीसुरली आशाही गेली. मोटरवर मी सहा ठिकाणी सेन्सर लावला होता, आणि दोनदा पंपाच्या पायथ्याला, मोटरपासून दूर. आठही जागी शंभराची रेघ सारख्याच उंचीची होती. खरं दुखणं असं वागत नाही. जवळ जास्त दुखतं, लांब कमी. सगळीकडे सारखं दुखतंय असं सांगणाऱ्या माणसाचं दुखणं कुठे नसतंच. हे मला तेव्हाही दिसलं होतं. दिसलं होतं आणि मी म्हटलं होतं, बापरे, इतकं पसरलंय! म्हणजे आकडा मला ओरडून सांगत होता आणि मी त्याला गप्प बसवून माझंच खरं केलं. का? कारण सव्वीस वर्षांत माझं निदान चुकलं नव्हतं. पंपघरांमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा लोक दाराशी विचारायचे, साहेब मागून येतायत का? मग हळूहळू, यंत्र ऐकते म्हणून, कानवाली बाई म्हणायला लागले, मग नुसतं बाई, आणि आता 'बाईंनी सांगितलंय' एवढं म्हटलं की पन्नास माणसांचा कारखाना बंद करून यंत्र उघडतात. ते मला इतकं गोड लागलं होतं की चार्जर खुपसताना आपण काय करतोय हे माझ्या लक्षातही आलं नाही. आणि त्या बिचाऱ्या लॅपटॉपला तरी काय बोल लावायचा? अकरा वर्षं राबला तो. तेलात पडला, बॉयलरच्या शेजारी तापला, एकदा जीपच्या टपावरून घरंगळला आणि उठून कामाला लागला. इतका गुणी जीव मी दुसरा बघितला नाही. वर्षभर तो मला सांगत होता की बाई, बॅटरी बदला, आणि मी म्हणत होते, चालतोय ना अजून. जगाला वेळेवर पार्ट बदला म्हणून सांगणारी मी.

"अकरा पंधरा," वन्सं म्हणाल्या. "दहा मिनिटांत ह्या पातळचे चार टक्के गेले. सोळा तास म्हणे!" त्या स्वतःशीच खूश होत्या. मग उठल्या आणि काउंटरच्या आड, काचेच्या पार्टिशनमागे कोणीतरी बसलेलं त्यांना दिसलं, तिकडे सरळ आत गेल्या. मी मागोमाग. आत कपाळावर भिंग बांधलेली एक पन्नाशीची बाई उघड्या लॅपटॉपांमध्ये बसली होती. दुकानातली दुरुस्ती तीच बघायची. "माफ करा हं," वन्सं म्हणाल्या, "तुमच्याकडे परत परत येतो तो कुठला आणि सहसा येत नाही तो कुठला, एवढंच सांगा." बाईने भिंग वर केलं, आम्हा दोघींना नीट बघून घेतलं, बाहेर टायवाला कुठे आहे तेही बघितलं. "पुढे मांडलेले बघू नका," ती म्हणाली. "हा बघा." आणि तिने मागच्या फळीवरून एक काळा, जाडसर, दिसायला अगदी सरकारी लॅपटॉप काढला, उलटा केला आणि स्क्रू काढायला लागली. मी बघत राहिले. हात काय चालत होते तिचे! स्क्रू काढून ती ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने कागदावर मांडत होती, बोटाने एकही ढकलत नव्हती. "ही बॅटरी. चार स्क्रू, निघाली. तुम्ही घरी बदलाल. हा पंखा, वेगळा. ही चार्जिंगची खाच, वेगळ्या पट्टीवर आहे, मोडली तर पट्टी बदलायची. त्या बाहेरच्या पातळवाल्यात हे सगळं एकमेकांना चिकटवलेलं. एक गेलं की सगळं गेलं, मग इथे येऊन माझ्याशी भांडतात." तिने तो पुन्हा जोडून दिल्यावर वन्संनी बिजागरी उघडून मिटून बघितली, वीसेक वेळा, कान जवळ नेऊन. कळफलकावर एक अख्खा परिच्छेद टाइप केला. पडदा खिडकीच्या उन्हात धरून वाचून बघितला. "ह्याचं वाईट काय, ते सांगा," त्या म्हणाल्या. "जड आहे," बाई म्हणाली. "आणि चारचौघांत मिरवता येत नाही." "मिरवायला आमच्याकडे पुष्कळ आहे," वन्सं म्हणाल्या, आणि तोही ओळीत पाचवा म्हणून मांडला, आणि त्याचा तास वेगळा मोजायला घेतला.

तिघीजणी हसलो. मीही हसले, आणि हसता हसता मला रडू यायला लागलं, म्हणून मी पाण्याच्या बाटलीसाठी बाहेर जाते असं सांगून फुटपाथवर जाऊन उभी राहिले. समोर चपलांचं दुकान, त्याच्या शेजारी एक दवाखाना, बाकड्यावर पेशंट बसलेले. मला वन्संची ती जुनी गोष्ट आठवली. त्यांच्या लॅबमध्ये एकदा दोन नळ्यांची अदलाबदल झाली होती. चूक हाताखालच्या माणसाची. एका धडधाकट माणसाला मोठं दुखणं असल्याचा रिपोर्ट गेला, आणि तो चार दिवस घरात अंथरुणावर पडून राहिला. चूक कळली तेव्हा हॉस्पिटलने सांगितलं, नवा रिपोर्ट पाठवून द्या, वर 'सुधारित' असं लिहा, विषय संपला. वन्सं ऐकेनात. त्या त्याच्या घरी गेल्या, दोन बस बदलून. त्याच्या बायकोने त्यांना दारातच नको नको ते ऐकवलं आणि ह्या ऐकून घेऊन परत आल्या. मी तेव्हा नवी नवी होते, शहाणी होते. मी म्हटलं, "कशाला पण? आपणहून नाक कापून घ्यायची हौस!" वन्सं भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "अगं, रिपोर्ट सुधारला. तो माणूस चार दिवस मेला होता, त्याचं काय? ते कागदाने होत नाही." तेवढंच बोलल्या आणि मला म्हणाल्या, तो चाकू दे. मला तेव्हा हे जरा नाटकीच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

आणि वाइंडर? बाटली हातात धरून मी तिथेच उभी राहिले आणि त्यांच्या वर्कशॉपमधली ती दुपार मला इतकी स्पष्ट दिसली की वॉर्निशचा वास आला. सहा-सात वर्षं झाली असतील. कुठल्याशा मोटरचा आकडा विचारायला गेले होते. ते खाली पाट घेऊन बसले होते, मांडीशी मोटरचं रिकामं कवच, आणि तांब्याची तार फिरवत होते. मी काहीतरी बोलायला गेले तर एक बोट वर केलं: थांबा. वेढे मोजत होते, ओठांतल्या ओठांत. मी थांबले ती तासभर थांबले. एकेक तार खाचेत अशी बसत होती की दोन तारांमध्ये उजेड दिसू नये. मग वरून दोऱ्याची गाठ, प्रत्येक गाठ सारख्या अंतरावर, प्रत्येकीचं टोक एकाच बाजूला. आत, जिथे पुढची वीस वर्षं कोणी बघणार नाही तिथे. मी विचारलं, "गाठींची टोकं एका बाजूला कशाला? काही कारण आहे का?" ते लाजले. "कारण नाही हो बाई. बरं दिसतं." त्यांच्या मोटरी मी मग ऐकून ओळखायला लागले. खरं सांगते, त्यांची मोटर चालू असताना तिच्या अंगावर तळवा ठेवला की मला बरं वाटायचं. आणि त्या माणसाबद्दल मी लिहिलं, सदोष. एका शब्दात. त्यांना एक फोन करून, 'अहो काका, असं दिसतंय, तुम्हाला काय वाटतं' एवढंही विचारलं नाही. हे मला सगळ्यांत जास्त लागलं. चार्जर तर चार्जर, पण विचारलंही नाही.

सांगितलं तर काय होईल ते मला स्वच्छ दिसत होतं. साहेब ऐकून घेतील, हं हं म्हणतील, आणि पुढच्या वेळी 'बाईंनी सांगितलंय' म्हटल्यावर कोणीतरी म्हणेल, हो का, आणि ती टेबलाची गोष्ट? अशी गोष्ट ह्या धंद्यात वाऱ्यासारखी पसरते. पंचवीस वर्षं हसतील. आणि नाही सांगितलं तर? तर काहीच नाही. सोमवारी मोटर परत येणार होती. मी नव्या लॅपटॉपवर, बॅटरीवर, मोजणार होते. रेघ दिसणार नव्हती. दोन ओळींत लिहिणार होते: दुरुस्ती समाधानकारक. सगळे खूश होणार होते आणि माझं नाव आणखी एक पायरी वर चढणार होतं. इतकं सोपं होतं ते, की मला माझीच किळस आली.

परत आत जाईपर्यंत काळ्याचाही तास भरला होता, वन्सं वही मिटत होत्या. "काळा," त्या म्हणाल्या. "तासाला नऊ टक्के, तुझा प्रोग्रॅम धावताना, पूर्ण उजेडात. दहा तास धर. गरम झाला नाही, पंखा कुरकुरला नाही. आणि जास्तीची बॅटरी आजच घेऊन ठेव, ती आतली बाई लावायला शिकवते म्हणाली." टायवाला जरा हिरमुसला होता, पण वन्संनी त्याचे आभार असे मानले की त्याने खोका स्वतः गाडीपर्यंत आणून दिला. मी त्या लॅपटॉपवरून एकदा हात फिरवला. चांगली वस्तू होती. बिजागरीत ढिलाई नाही, कळा खोल, कडा बोथट, सगळं जिथल्या तिथे. कोणीतरी मन लावून केलेलं काम लगेच कळतं. मला आनंद व्हायला हवा होता.

गाडी मी चालवत होते, खोका वन्संच्या मांडीवर होता. दोन सिग्नल गेले. तिसऱ्या सिग्नलला मी सगळं सांगून टाकलं. लाल एक्स्टेन्शन, आठ सारख्या रेघा, टेबलाचा पाय, यादीतून खोडलेलं नाव, सगळं. मला वाटलं त्या काहीतरी म्हणतील, होतं असं, किंवा तू पण ना. वन्सं समोर बघत होत्या. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न वाजवला.

"मग आपण घरी का चाललोय?" त्या म्हणाल्या.

मी गाडी वळवली.

वर्कशॉपचं दार अर्धं उघडं होतं. वाइंडर खुर्चीत बसले होते. त्यांना मी खुर्चीत बसलेलं कधी बघितलं नव्हतं. तार गुंडाळायचं त्यांचं यंत्र चादरीत बांधलेलं होतं, हत्यारं खोक्यांमध्ये भरलेली होती. फक्त चार नंबरची मोटर मध्यभागी उघडी होती, आणि तिच्यातलं तांबं नवं, लखलखीत. वन्सं दाराशीच थांबल्या. "या या बाई," वाइंडर उठले. "सोमवारी सकाळी पाठवतो मोटर, चिंता करू नका. सगळी तार काढून टाकली, पूर्ण नवीन घातली. दोनदा मोजली." मी विचारलं, "काका, उघडल्यावर आत काय सापडलं?" "काही नाही सापडलं," ते म्हणाले. "पहिल्यांदा बघितलं, काही नाही. मग मुलीला बोलावलं, तिला म्हटलं तू बघ, तिलाही नाही. पण तुम्हाला दिसलं ना? मग असणारच. मला दिसत नाही एवढंच झालं." ते हसले, आणि ते हसणं बघवेना. "गेल्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणतो वयाच्या मानाने उत्तम आहेत. आता डॉक्टरला काय कळतंय तार बघायची? हात थरथरतो का म्हणून रोज सकाळी पाण्याचा पेला धरून बघतो. थरथरत नाही. पण तेही कदाचित मलाच कळत नसेल. बायको म्हणाली, पुरे आता, लोकांच्या मोटरी जाळण्यापेक्षा थांबा. जावई आलाय, उद्या यंत्र घेऊन जाईल. हे तुमचं शेवटचं काम, ते मात्र नीट केलंय."

"काका, वाइंडिंग नीट होतं," मी म्हणाले. "पहिलंच नीट होतं. चूक माझी झाली. मी चार्जर लावून मोजलं. ती रेघ चार्जरची होती, तुमच्या कामाची नव्हती. आज दुकानात टेबलाला सेन्सर लावला, तर टेबलालाही तीच रेघ आली."

"पुन्हा सांगा," ते म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. "टेबलाला?" "टेबलाला." त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला, आणि जाऊन मोटरपाशी उकिडवे बसले. माझ्याकडे पाठ होती. तांब्यावरून बोट फिरवत म्हणाले, "वीस दिवस मी झोपलो नाही हो बाई." राग नव्हता त्यांच्या बोलण्यात; राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणाले, "मी आत्ता इथून साहेबांना फोन करते, तुमच्यासमोर. आणि लिहूनही देते. यादीत तुमचं नाव परत आल्याशिवाय मी त्यांच्या पंपघरात पाय ठेवणार नाही." आणि मी खरंच फोन काढला, पण त्यांनी हात वर केला, ते एक बोट. "साहेबांचं सावकाश करा," ते म्हणाले. "थांबा जरा." त्यांनी स्वतःचा फोन काढला, नंबर लावला. तिकडे बायकोने उचलला असावा. "अगं, ऐक. डोळे ठीक आहेत माझे. ... नाही गं, डॉक्टर नाही. पंपघरच्या त्या बाई आल्यात. ... नाही, काम खराब नव्हतंच. ... अगं खरंच. ... मी कशाला बनवून सांगू?" ते ऐकत राहिले, मग फोन छातीशी धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तिला वाटतंय मी तिच्या समाधानासाठी सांगतोय. तुम्ही बोला."

मी फोन कानाला लावला. पलीकडे कोणीतरी बाई, जिला मी कधी बघितलेलं नव्हतं, श्वास रोखून उभी होती. मी माझं नाव सांगितलं, काय करते ते सांगितलं, आणि म्हणाले, "चूक माझी होती, ताई. त्यांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. हातांनाही नाही. त्यांच्यासारखं काम मी दुसऱ्या कोणाचं बघितलेलं नाही." मला वाटलं आता मला ऐकवतील, आणि मी ऐकून घ्यायला तयार होते.

"एक मिनिट हं," ती बाई म्हणाली, रडत होती. "मुलीला बोलावते. जावई पण इथेच आहे. स्पीकरवर टाकते, जरा मोठ्याने परत एकदा सांगा."

मी मोठ्याने परत एकदा सांगितलं.